रोटर पायसकडे असतो

आमच्या अप्पांकडे कुणी गाडी मागायला आलं, तर अप्पा कधी नाही म्हणत नसत. वकील माणूस. 'नाही' हा शब्द फुकट वापरायचा नसतो, हे ते धंद्यातच शिकले होते. पानाचा डबा पुढे सरकवत ते म्हणायचे, "गाडी काय, तुमचीच आहे. पण रोटर पायसकडे असतो. त्याला विचारा." मागणारा पायसकडे जायचा. पायस टोपी काढून सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सायेबांना इचारा." अशा दोन-तीन खेपा झाल्या की तो गृहस्थ मुकाट्याने टांगा करायचा.

पायस घोन्साल्विस हा अप्पांचा ड्रायव्हर. माजिवड्याच्या ख्रिस्तीपाड्यातला. घरची थोडी भातशेती होती, पण त्याचा जीव इंजिनात. सदतीस साली तो अप्पांकडे आला तेव्हा मी शाळेत होतो. बुटका, काळासावळा, बोलायला कंजूष. चौतीस सालची मॉरिस आमच्याकडे जुनी होऊन आली होती, आणि ती आणखी जुनी होऊ नये हे आपलंच काम आहे, असं पायसने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. अप्पांनी आपला एक जुना कोर्टाचा काळा कोट त्याला दिला होता. तो कोट तो रविवारी चर्चला घालायचा, आणि इतर दिवशी गाडी चालवताना. दोन्ही ठिकाणी त्याचा चेहरा सारखाच गंभीर असायचा.

रोटर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही ते पायसनेच सांगितलं. इंजिनाच्या कडेला एक काळी टोपी दोन चापांनी बसवलेली असते. चाप सोडून टोपी उचलली की आत सुपारीएवढी एक काळी वस्तू दिसते, तिच्या माथ्यावर पितळेची जीभ. ती फिरते आणि ठिणगी वाटून देते. ती तेवढी काढून घेतली की किल्ली फिरवा, हँडल मारा, देवाचा धावा करा, गाडी हलत नाही.

लढाईनंतरच्या दिवसांत गाड्यांचे सुटे भाग मिळत नव्हते, आणि जे मिळत होते ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचे असत. सत्तेचाळीस साली आमच्या शेजारच्या पोतनीस वकिलांची गाडी ठाण्याच्या कोर्टासमोरून भरदिवसा गेली. किल्ली पोतनिसांच्या खिशात होती. गाडी पंधरा दिवसांनी मुंबईत सापडली, तीही निम्मीच. त्या दिवसापासून पायस गाडी उभी केली की रोटर काढायचा, रुमालात गुंडाळायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. संध्याकाळी रोटर त्याच्याबरोबर माजिवड्याला जायचा आणि सकाळी परत यायचा. चार वर्षं असं चाललं. अप्पा कौतुकाने म्हणायचे, "माझी गाडी रोज रात्री माजिवड्याला निजते, इथे फक्त तिचं धूड असतं."

एक्कावन्नच्या श्रावणात अप्पा गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पायसला एवढंच सांगितलं होतं, "गाडी सांभाळ रे." तेराव्याची माणसं पांगल्यावर पायस मागच्या दाराने आला आणि आईसमोर रुमाल ठेवला.

"बाई, हे तुमच्यापाशी ठेवा."

"अरे, ते तुझ्यापाशीच असतं की."

"सायेब होते तवा कोन काय बोलत नव्हता. आता बोलतील. ड्रायवर मालकाची गाडी खिशात घालून फिरतो, असा बोलतील. माझा नाव खराब नको."

आईला ते पटलं. आता ठेवायचं कुठे? घरात परक्याचाच काय, घरच्यांचाही हात सहसा लागणार नाही अशी जागा तिला एकच माहीत होती. तिने देवघर दाखवलं आणि जरा संकोचून विचारलं, "चालेल ना रे तुला?"

"देवाचा घर तो देवाचा घर, बाई. आमच्यात चोरीचं सेंट अँथनी बघतो. तुमच्यात कोन बघतो?"

आईने खरोखर विचार केला. "तसा खास कुणी नाही. बाळकृष्ण आहे, पण तो स्वतःच लोणी चोरतो."

अप्पा गेल्यानंतर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पायस मात्र हसला नाही. त्याने बाळकृष्णाकडे जरा संशयाने पाहिलं आणि रोटर गणपतीच्या बाजूला ठेवला.

मी तेव्हा कलेक्टर कचेरीत कारकून होतो. गाडीची ऐपत माझी नव्हती; महिन्यातून एक-दोनदा, कुणाच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला, ती बाहेर निघायची. पण पायस रोज सकाळी सातला माजिवड्याहून सायकलवर यायचा. देवघरातून रोटर मागून घ्यायचा, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचा, सबंध गाडी फडक्याने पुसायचा, रोटर काढून आईच्या हातात द्यायचा आणि शेतावर जायचा. मी एकदा म्हटलं, "रोज कशाला येतोस? आठवड्यातून दोनदा पुरे." त्यावर तो म्हणाला, "तुमी जेवता दोनदा आठवड्याला?" मग मी त्या भानगडीत पडलो नाही.

भानगड वेगळीच झाली. आई रोज आंघोळ करून देवांना न्हाऊ घालायची. तिचे हात ती पूजा पन्नास वर्षं करत होते. त्यांना आता तिची गरज उरली नव्हती. ताम्हनात एकेक देव यायचा, पाणी, दूध, पुन्हा पाणी, पुसायचं, गंध, फूल. गणपतीच्या बाजूची काळी गोटी ओळीत होती, तिलाही आंघोळ. तिसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना. पायसने टोपी उघडली, रोटर डोळ्यांजवळ धरला, वासही घेतला. मग तो आईसमोर उभा राहिला. हाताच्या तळव्यावर रोटर होता आणि त्याच्या पितळी जिभेला तुळशीचं पान चिकटलेलं होतं.

"बाई, ह्याला आंगोळ नको. ह्याला सर्दी होते."

आईने कानाला हात लावला. पण हातांनी थोडंच वचन दिलं होतं? महिन्यातून एखाद्या वेळी रोटर न्हायचाच. तेव्हा आईने आपल्यापुरता तोडगा काढला. चुकून भिजवलाच, तर उन्हात ठेवून खडखडीत वाळवायचा आणि पायसला कळू न देता परत देवात ठेवायचा. हा तोडगा तिने मलाही सांगितला नव्हता. पुढचं सगळं त्यातून झालं. पण दोष तिचा नाही, माझा आहे.

त्रेपन्न सालचा दसरा. पायसने गाडी धुतली, आईने तिला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सरोज, माझी बायको, बाळंतपणासाठी कल्याणला माहेरी गेली होती. घरात आई आणि मी दोघंच. पायस सकाळी येऊन आपलं काम करून गेला. मी दहाला कचेरीत गेलो. आई पूजा करून देवळात कीर्तनाला गेली. दुपारी एक वाजता जेवायला घरी आलो, तर गाडीच्या शेडचं दार सताड उघडं आणि आत गाडी नाही. जमिनीवर तेलाचे डाग आणि झेंडूच्या चार पाकळ्या.

तसाच आत गेलो, देवघरात पाहिलं. गणपतीच्या बाजूची जागा रिकामी होती.

मी हिशेबी नोकरीतला माणूस. दोन आणि दोन चार मांडायला मला वेळ लागला नाही. रोटरशिवाय गाडी हलत नाही. रोटर देवात असतो हे आम्ही घरचे आणि पायस एवढ्यांनाच ठाऊक. सरोज कल्याणला, आई देवळात, मी कचेरीत. राहिला कोण? याच्या पुढे काही विचार करायचा असतो, हे मला सुचलंच नाही. मी सायकल काढली आणि ती दोन मैल कशी मारली ते आता आठवत नाही.

पायस अंगणात पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता. भात कापणीला आलं होतं. त्याची बायको एमिलिया उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मला पाहून ती उठली, "बसा भाऊ, पानी घ्या," म्हणाली. मी बसलो नाही.

"रोटर कुठंय?" मी म्हटलं.

"देवात नाय?" पायस म्हणाला.

"देवात नाही. शेडमध्ये गाडीही नाही. कुणाला दिलीस?"

कुंपणापलीकडे शेजारची दोन-चार माणसं उभी राहिली होती. ती पाहून मी आवाज उतरवायला हवा होता. मी चढवला. म्हटलं, "अप्पा गेले आणि तुझी नियत फिरली."

पायसने विळा बाजूला ठेवला. अर्ध्या चड्डीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मग आत गेला, खुंटीवरचा अप्पांचा काळा कोट घेऊन आला आणि त्याचेही खिसे रिकामे केले. ओट्यावर एक जपमाळ, दोन विड्या आणि घडी केलेला रुमाल आला. आणि मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, रुमाल उलगडून पाहिला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

एमिलिया म्हणाली, "भाऊ, सोळा वर्सं झाली." बस, एवढंच.

पायसने कोट अंगात घातला. त्याने सायकल घेतली, मीही त्याच्या मागे निघालो. चरईत आमच्या घरी, शेडमध्ये आल्यावर तो खाली उकिडवा बसला, जमीन पाहिली, दारापर्यंत गेला, परत आला.

"भाऊ, गाडी चालत गेली नाय. तेल बघा, इंजिन चालू झालाच नाय. आनि हे खूर बघा. बैलांनी ओढून नेली."

माझ्या डोक्यात तोवर बैल आलाच नव्हता. ज्या देशात बैल पर्वत ओढतील तिथे आम्ही सहा वर्षं एक सुपारीएवढी वस्तू लपवत होतो.

रस्त्यावर विचारायची खोटी, सगळ्यांनी गाडी पाहिली होती. कोपऱ्यावरच्या वाण्याने पाहिली. शिंप्याने पाहिली. पोतनिसांच्या गड्याने तर शेडमधून ढकलायला हात लावला होता, कारण सुटाबुटातल्या एका माणसाने "वकिलीणबाईंनी दुरुस्तीला सांगितलंय" असं म्हटलं होतं. बंद पडलेली मोटार बैलांनी ओढून नेणं यात तेव्हा कुणाला नवल नव्हतं. अर्ध्या ठाण्याने आमची चोरी पाहिली आणि एकानेही तिला चोरी म्हटलं नाही. पायस प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होता, आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझी मान एकेक बोट खाली जात होती.

नौपाड्याच्या पुढे, मुलुंडच्या रस्त्यावर एका चिंचेखाली गाडी सापडली. झेंडूची माळ अजून पुढे लटकत होती. बैल सोडलेले, कडबा खात होते, आणि गाडीच्या सावलीत एक म्हातारा डोक्याखाली मुंडासं घेऊन निजला होता. त्याचं नाव गुणाजी.

"मालक तुमी?" तो उठून म्हणाला. "मंग त्यो दुसरा कोन? त्यो सायेब लई वरडला माझ्यावर. म्हनं चल, चल. मी म्हनलं, बारा ते चार मी बैल जुंपत नाय. आश्विनाचं ऊन हाय. माझ्या बापानं कदी जुंपला नाय, मी नाय जुंपनार. मंग त्यो लारी आनतो म्हनून गेला."

पायसने त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या बैलांना नमस्कार केला. ख्रिस्ती माणसाने बैलांना केलेला तो नमस्कार मी पाहिला आहे. आम्ही तिथे उभे असतानाच मुलुंडकडून एक लॉरी आली, जवळ येताच हळू झाली, आतल्याने आम्हाला पाहिलं असावं, आणि ती थांबली नाही. तो माणूस कोण ते पुढेही कळलं नाही.

चार वाजले, गुणाजीने बैल जुंपले, आणि आमची मॉरिस आली तशीच परत निघाली. पायस स्टिअरिंगवर बसला होता, मी मागे सायकल धरून चालत होतो. मला बोलायचं होतं. अख्खा नौपाडा गेला, तलावपाळी आली, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

घरी अंगणात आई पंचा झटकत होती. देवळातून आल्यावर ती परसात वाळवण आवरायला गेली होती. चकल्यांच्या भाजणीसाठी धुतलेले तांदूळ आणि डाळी तिने सकाळी तिथे उन्हात घातल्या होत्या. आम्हाला पाहून ती घाईघाईने पुढे आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"पायस, रागावू नकोस रे," ती म्हणाली. "आज पुन्हा आंघोळ घातली मी ह्याला. म्हणून हरभऱ्याच्या डाळीजवळ वाळत ठेवला होता. आता खडखडीत आहे बघ." मग तिचं लक्ष बैलांकडे गेलं. "हे बैल कशाला?"

मी भिंतीला टेकलो. पायसने आईच्या हातून रोटर घेतला, कोटाच्या बाहीला पुसला, इंजिनात बसवला. पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली. त्याने ती शेडमध्ये घेतली, बंद केली, रोटर काढला. आईने हात पुढे केला होता. तो तिच्या हाताला वळसा घालून माझ्यासमोर आला आणि त्याने रोटर माझ्या तळहातावर ठेवला.

"आजपासनं तुमच्या हातात, भाऊ."

"देवात ठेवतो ना मी," मी म्हटलं.

"नाय. देवात ठेवला तर देव साक्षीला येत नाय. आज आला नाय."

दुसऱ्या दिवशी सातला तो आला. मला वाटलं होतं, येणार नाही. गाडी पुसली, चालवली, आणि मी दाढी करत होतो तिथे येऊन रोटर हातात दिला. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही तेच. मी घरात नसलो तर तो ओट्यावर बसून राहायचा. कल्याणहून सरोज बाळाला घेऊन आली, तेव्हा आणायला तोच गेला. आल्यावर आधी रोटर माझ्या हातात, मग बाळाकडे पाहिलं. माझ्या हातात रोज सकाळी सातला ती काळी वस्तू पडायची. तो रागाने देत नव्हता. रागाने देता तर सोपं गेलं असतं.

मी त्याला अहो-जाहो करायला लागलो. त्याने दोन दिवस सोसलं आणि मग म्हणाला, "पयल्यासारखं बोला, भाऊ. ह्ये नको." वर्षाभराने एकदा धीर करून मी म्हटलं, "पायस, मी चुकलो. रोटर तू घरी घेऊन जा, अप्पांच्या वेळी नेत होतास तसा."

"तुमचं बोलनं मी तवाच सोडला," तो म्हणाला. "पाद्रीला सांगून सोडला. पन रोटर नको. खिसा एकदा उलटा झाला, भाऊ."

हे खरं होतं. पाच वर्षं हे चाललं. त्याला मी कधी दोष दिला नाही, पण कधीकधी सकाळी सात वाजूच नयेत असं मला वाटायचं.

एकोणसाठच्या जानेवारीत थंडी लागून त्याच्या छातीत कफ झाला. तरी दोन दिवस तो खोकत आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो मला ओळखत होता. म्हणाला, "आज चालू केली?" मी हो म्हटलं. खोटं बोललो, मला चालू करता येत नव्हती. रविवारी सकाळी निरोप आला.

आईला टांग्यात बसवून मी माजिवड्याला गेलो. ओट्यावर, जिथे मी त्याचा रुमाल उलगडला होता, तिथेच पेटी ठेवली होती. पायसला अप्पांचा काळा कोट घातला होता. कोपरांना एमिलियाने रफू केलं होतं. हातात जपमाळ होती. आई त्याच्या कपाळाला हात लावून रडली. कुणाचं काही मनात न आणता मोठ्याने रडली.

माझ्या खिशात रोटर होता. त्याने शेवटच्या वेळी दिला तो मी परत कुठे ठेवलाच नव्हता. मी माझा रुमाल काढला, त्यात रोटर गुंडाळला, घडी घातली, आणि वाकून त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला. उजव्या खिशात, तो ठेवायचा तिथे. ठेवताना मी म्हटलं, "पायस, हा तुझ्याकडे असू दे." मला ते मोठ्याने म्हणायचं होतं. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यासमोर मी ओरडलो होतो, ती माणसं तिथेच होती. त्यांनी ऐकलं.

एमिलिया सगळं पाहत होती. ती पुढे झाली, खिशाची झडप सारखी केली, आणि पेटी बंद करायला सांगितलं.

गाडी अजून आमच्या शेडमध्ये आहे. मी रविवारी ती पुसतो, पायसइतकी चांगली नाही. हल्ली जुन्या गाड्यांचे शौकीन मुंबईहून येतात, भोवती फिरतात, पत्र्यावर टिचकी मारतात, आकडा बोलतात. मग विचारतात, चालते का. मी त्यांच्यापुढे पानाचा डबा सरकवतो आणि सांगतो, "गाडी उत्तम आहे. पण रोटर पायसकडे असतो."